जहाजाच्या टाकीत पाणी किती? दाबावरून पातळी सांगणारा सेन्सर कसा निवडायचा

हे या भागाचं लेखी रूप. ऐकताना आकडे निसटतात अशी बऱ्याच जणांची तक्रार असते, म्हणून आकड्यांचा भाग या वेळी जरा नीट लिहून काढलाय. बाकी बोलणं जसंच्या तसं.

चांदूर बाजारहून एका मित्राचा व्हॉइस मेसेज आला. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय आणि मर्चंट नेव्हीत ईटीओ, म्हणजे जहाजावरचा इलेक्ट्रो टेक्निकल ऑफिसर, व्हायचं मनात आहे. त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत: "दादा, मुलाखतीची तयारी करून राहिलो. त्यात प्रश्न हाय, बॅलास्ट टँकमधली लेव्हल मोजायले कोणता प्रेशर सेन्सर लावसान? आता आमच्या इकडं समुद्र त सोडाच, नदीले बी उन्हाळ्यात पाणी राह्यत नाई. यूट्यूबवर पाह्यलं त सगळे कंपनीवाले आपलाच सेन्सर भारी म्हणून राहिले. निवडाचा कसा, हे कोणीच सांगत नाई."

राजेहो, प्रश्न एकदम बरोबर आहे. आणि समुद्र लांब असला तरी या प्रश्नाचं अर्धं उत्तर चांदूर बाजारच्या शिवारातच आहे. संत्र्याच्या बगीच्यात ड्रिप लावलंय ना? फिल्टरच्या डोक्यावर जे प्रेशर गेज असतं, ते रोज बघणाऱ्याला निम्मी गोष्ट आधीच माहीत आहे.

आधी हे कळू द्या: सेन्सर पातळी मोजतच नाही

गावातल्या पाण्याच्या उंच टाकीखाली उभं राहा. टाकीतल्या पाण्यापासून नळापर्यंतची उंची १० मीटर असेल, तर बंद नळावर दाब येतो जवळपास १ बार. आपल्याकडं ज्याला "एक किलो प्रेशर" म्हणतात, तो हाच. उंची दुप्पट, दाब दुप्पट. टाकी गोल आहे की चौकोनी, मोठी आहे की छोटी, याचा काही संबंध नाही. फक्त वर किती उंच पाणी उभं आहे आणि ते किती जड आहे, एवढंच.

टाकीच्या तळाशी बसवलेला प्रेशर सेन्सर हेच करतो. त्याच्या तोंडावर एक पातळ पडदा असतो, स्टीलचा, टायटॅनियमचा किंवा सिरॅमिकचा. वरच्या पाण्याच्या वजनाने तो केसाहून कमी वाकतो. ते वाकणं आतलं इलेक्ट्रॉनिक्स टिपतं आणि करंट बाहेर पाठवतं. म्हणजे सेन्सरला कळतो तो दाब. पातळीचा आकडा आपण त्या दाबाला घनतेने भागून काढतो. हा भागाकार जिथं चुकतो तिथं सगळं चुकतं, आणि सेन्सर निवडताना निम्म्याहून जास्त डोकं इथंच लावायचं असतं.

उदाहरण घ्या. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. एका घनमीटरचं वजन १,००० किलो नाही, १,०२५ किलो. सेन्सर गोड्या पाण्यावर सेट केला आणि टाकीत १० मीटर समुद्राचं पाणी भरलं, तर स्क्रीनवर दिसेल १० मीटर २५ सेंटीमीटर. २५ सेंटीमीटर पाणी जे टाकीत नाहीच.

आता उलटं बघा. तोच सेन्सर डिझेलच्या टाकीत टाका. डिझेलची घनता पाण्याच्या साधारण ८५ टक्के. टाकीत ५ मीटर डिझेल आहे, स्क्रीन म्हणते सव्वाचार मीटर. कोणीतरी पाऊण मीटर डिझेल चोरलं म्हणून आरडाओरडा सुरू होईल, आणि चोर कोण? सेटिंगमधला एक आकडा.

चुकीच्या आकड्याने काय होतं

हे सगळं सेंटीमीटरचं चाललंय, एवढं काय त्यात, असं वाटेल. म्हणून बॅलास्ट म्हणजे काय ते बघू. जहाजात माल कमी असला की ते वर तरंगतं आणि डोलतं. त्याला खाली दाबून धरायला तळाच्या आणि बाजूच्या टाक्यांत समुद्राचंच पाणी भरतात. ते बॅलास्ट. कुठल्या टाकीत किती टन पाणी आहे यावरून जहाज सरळ उभं राहील की कलंडेल, याचा हिशोब चीफ ऑफिसर निघण्याआधी कॉम्प्युटरवर मांडतो.

अर्धी भरलेली टाकी तर आणखी वाईट. उन्हाळ्यात गावात पाणी घेऊन येणारा ट्रॅक्टरचा टँकर बघितलाय? पूर्ण भरलेला असला की शांत चालतो. अर्धा असला की वळणावर पाणी एका बाजूला धाव घेतं आणि टँकर त्याच बाजूला झुकतो. ड्रायव्हरला हे शिकवावं लागत नाही, त्याच्या हाताला ते कळतं. जहाजातही अर्ध्या टाकीतलं पाणी झुकत्या बाजूला पळतं आणि जहाजाला आणखी झुकवतं. फरक एवढाच, की १८० मीटर लांबीच्या जहाजात हाताला काही कळत नाही. तिथं स्क्रीनवरचा आकडाच खरा धरावा लागतो.

३ जानेवारी २०१५. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन बंदरातून होएग ओसाका नावाचं गाड्या वाहून नेणारं जहाज निघालं. पोटात साधारण १,४०० गाड्या, त्यातल्या बहुतेक टाटांच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरच्या. बंदराबाहेर एक वळण घेताना जहाज जे कलंडलं ते ४० अंशांच्या पुढं गेलं, आणि वाहत जाऊन ब्रॅम्बल बँक नावाच्या वाळूच्या पट्ट्यावर रुतलं. माणसं सगळी वाचली. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने २०१६ मध्ये अहवाल दिला. त्यात कारणं अनेक आहेत. मालाचं खरं वजन अंदाजापेक्षा जास्त होतं, वरचे मजले भरलेले होते, नेहमीचा बंदरांचा क्रम बदललेला होता, आणि स्थिरतेचा हिशोब निघण्याआधी पुरा झालाच नव्हता. पण एक कारण आपल्या विषयाचं आहे: बॅलास्ट टाक्यांचे बहुतेक गेज चालतच नव्हते. कुठल्या टाकीत किती पाणी, हे अंदाजाने धरलं जात होतं, आणि तो अंदाज आणि खरं पाणी यांत मोठा फरक निघाला.

माझ्या मते या अहवालातली सगळ्यात बोचरी गोष्ट ती आहे. गेज एका रात्रीत बंद पडले नव्हते. बंद गेजबरोबर जगायची सवय लागलेली होती.

आपल्या दारातलं उदाहरणही आहे. ४ ऑगस्ट २०११ रोजी मुंबईपासून साधारण २० सागरी मैलांवर रॅक कॅरियर नावाचं जहाज बुडालं. इंडोनेशियाहून गुजरातमधल्या दहेजला ६० हजार टन कोळसा घेऊन चाललं होतं. आत पाणी शिरलं आणि जहाज गेलं. ३० जणांना सुखरूप काढलं गेलं, पण तेल पुढं कित्येक दिवस किनाऱ्याकडं येत राहिलं. बल्क कॅरियर, म्हणजे कोळसा किंवा खनिज सुटं भरणारं जहाज, याच्या पोटात पाणी शिरतंय हे लवकर कळणं किती गरजेचं आहे ते इथं दिसतं.

त्यासाठी नियमही आहे, आणि तो रक्तातून आलाय. सप्टेंबर १९८० मध्ये जपानच्या दक्षिणेला टायफून वादळात डर्बीशायर नावाचं प्रचंड जहाज लोहखनिजासह बुडालं. ४४ माणसं गेली, आणि मदतीची हाक सुद्धा देता आली नाही. पुढं समुद्रतळावर अवशेष सापडले. तपासात निघालं, की नाकाजवळच्या भागात पाणी हळूहळू शिरत होतं आणि मागं ब्रिजवर उभ्या असलेल्यांना त्याचा पत्ता नव्हता. आता सोलास या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार बल्क कॅरियरच्या प्रत्येक होल्डमध्ये पाण्याची सूचना देणारं यंत्र लागतं. पहिली घंटा तळापासून अर्ध्या मीटरवर, दुसरी होल्डच्या खोलीच्या १५ टक्क्यांवर, पण २ मीटरच्या वर नाही. नाकाजवळच्या बॅलास्ट टाकीत पाणी १० टक्के क्षमतेपर्यंत चढायच्या आत घंटा वाजली पाहिजे. हा नियम १ जुलै २००४ पासून लागू आहे.

हे लक्षात ठेवा, कारण इथं सेन्सरचं काम वेगळं आहे. इथं सेंटीमीटरची अचूकता नको, कोळशाच्या भुकटीत वर्षभर गाडला जाऊन वेळेवर ओरडणारा हवा. "सगळ्यात अचूक कोणता" हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. कोणत्या टाकीसाठी, हे आधी विचारा.

चिखलदऱ्याचं फुगलेलं पाकीट

आता जरा अवघड भाग, पण चांदूर बाजारवाल्यांना सोपा जाईल. परतवाड्यात वेफर्सचं पाकीट घ्या आणि घाट चढून चिखलदऱ्याला जा. वर पोचेपर्यंत पाकीट टम्म फुगतं. चिखलदरा १,१०० मीटरच्या आसपास, तिथं हवेचा दाब कमी. खाली आणि वर यांतला हवेच्या दाबाचा फरक पाण्याच्या भाषेत सांगायचा तर जवळपास पाऊण मीटर.

म्हणजे, हवेलाही वजन आहे आणि टाकीतल्या पाण्यावर ती सतत बसलेली असते. तळाचा सेन्सर पाणी अधिक हवा असा एकत्र दाब बघतो. त्यातून हवा वजा करायला दोन रस्ते आहेत.

पहिला: गेज प्रकारचा सेन्सर. याच्या केबलमध्ये वायरींसोबत एक बारीक पोकळ नळी असते. ती वर उघड्यावर येते आणि पडद्याच्या मागच्या बाजूला बाहेरची हवा पोचवते. पुढून पाणी अधिक हवा, मागून फक्त हवा, उरलं ते पाणी. झकास. पण त्या नळीतून ओलसर हवा आत जाते. समुद्रावरची दमट हवा, त्यात पावसाळा. आत थेंब जमला की आकडा वाहायला लागतो आणि पुढं सेन्सरच मरतो. म्हणून नळीच्या वरच्या टोकाला ओल शोषणारी पुडी बसवतात, बुटाच्या डब्यात येते ना, तशीच. ती पुडी वेळच्या वेळी बदलायला माणूस लागतो. जहाजावर टाक्या चाळीस असतील तर पुड्याही चाळीस.

दुसरा: अॅब्सोल्युट प्रकारचा सेन्सर. मागची बाजू कायमची सीलबंद. नळी नाही, ओलीचा प्रश्न नाही. पण मग हवेचा दाब वेगळा मोजून वजा करावा लागतो. त्यासाठी कंट्रोल रूममध्ये एक बॅरोमीटर लावतात आणि सगळ्या टाक्यांसाठी तोच आकडा कॉम्प्युटर वापरतो. मोठ्या चक्रीवादळात हवेचा दाब ५० मिलिबारने सहज उतरतो. पाण्यात सांगायचं तर साधारण अर्धा मीटर. बॅरोमीटर बंद पडला असेल, तर नेमक्या वादळातच सगळ्या टाक्यांचे आकडे एकदम अर्धा मीटर खाली जातील.

मग कोणता घ्यायचा? वरपर्यंत केबल सुकी ठेवता येत असेल, तर गेज. केबल ओल्या, कोंदट जागेतून जाणार असेल आणि टाक्या बऱ्याच असतील, तर अॅब्सोल्युट अधिक एक चांगला बॅरोमीटर. मला स्वतःला दुसरा पटतो. एक बॅरोमीटर सांभाळणं चाळीस पुड्या सांभाळण्यापेक्षा सोपं.

यात एक तिसरी भानगड आहे. बॅलास्ट टाकी हवेला उघडी असते, डेकवर मान वाकडी केलेले पाइप दिसतात ते त्यासाठीच. पण तेलवाहू टँकरच्या कार्गो टाकीत तेलाच्या वर स्फोट होऊ नये म्हणून कमी ऑक्सिजनचा वायू भरून ठेवतात, आणि तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाने. समजा तो १०० मिलिबार जास्त आहे, तर तळाचा सेन्सर पाण्याच्या हिशोबाने एक मीटर खोटं बोलेल. तिथं टाकीच्या वरच्या बाजूला दुसरा सेन्सर लावून वजाबाकी करावी लागते. नाहीतर सरळ रडार लावतात, आणि कार्गो टाक्यांत आज बहुतेक रडारच असतं.

रेंज: इथं बरेच जण फसतात

जहाजाच्या अगदी तळाला डबल बॉटम टाक्या असतात. उंची समजा २ मीटर. तेवढ्या पाण्याचा दाब ०.२ बार. आता दुकानदार म्हणतो, "१० बारचा सेन्सर घ्या, मजबूत आहे." अचूकता लिहिलीय ०.२५ टक्के. ऐकायला भारी. पण हे ०.२५ टक्के पूर्ण रेंजचे असतात. १० बारचे ०.२५ टक्के म्हणजे २५ मिलिबार, पाण्यात २५ सेंटीमीटर. दोन मीटरच्या टाकीत पाव मीटरचा घोळ. तोच ०.४ बारचा सेन्सर, तीच टक्केवारी, तर घोळ एक सेंटीमीटर.

मग ०.४ बारचा घेतला की झालं? नाही. त्या टाकीचा हवेचा पाइप तळापासून पार डेकपर्यंत वर गेलेला असतो. पंप चालू राहिला, टाकी भरली, पाणी पाइपात चढत चढत डेकवरून सांडायला लागलं, तर सेन्सरच्या डोक्यावर दोन मीटर नाही, १८ मीटर पाणी उभं असेल. १.८ बार, म्हणजे रेंजच्या साडेचार पट. असं वर्षातून एकदा जरी झालं तरी हलका पडदा कायमचा वाकतो. त्यानंतर तो मरत नाही, चालूच राहतो आणि चुकीचं सांगतो.

म्हणून डेटाशीट वाचताना दोन वेगळे आकडे शोधा: मोजायची रेंज आणि सहन करायचा ओव्हरलोड. पहिला टाकीच्या उंचीला धरून लहान हवा, दुसरा हवेच्या पाइपाच्या टोकापर्यंतच्या उंचीला पुरून उरेल इतका मोठा. सिरॅमिक पडद्याचे सेन्सर इथं बरे पडतात, कारण जाड सिरॅमिक जास्त दाबाखाली मागच्या आधारावर टेकतं आणि दाब गेला की परत येतं.

खारं पाणी काय काय खातं

दर्यापूर, भातकुलीकडच्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला विचारा, बोअरच्या खाऱ्या पाण्याने पाइपाचं, मोटरीचं काय होतं. समुद्र त्याच्या कितीतरी पट खारट.

"स्टेनलेस स्टील आहे, गंजत नाही" हे स्वयंपाकघरात ठीक. ३१६एल हे चांगल्या प्रतीचं स्टीलसुद्धा साचलेल्या समुद्राच्या पाण्यात बारीक बारीक खड्डे पडून खाल्लं जातं, विशेषतः वायसर आणि फटींखाली, जिथं दिसत नाही तिथं. पडदा तर कागदासारखा पातळ, त्याला एक खड्डा पुरे. वरून आता बॅलास्टच्या पाण्यावर प्रक्रिया होते. एका समुद्रातले जीव दुसऱ्या समुद्रात जाऊ नयेत म्हणून आंतरराष्ट्रीय करार ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला, आणि बऱ्याच जहाजांत त्यासाठी पाण्यात वीज सोडून क्लोरीन तयार करतात. खारट पाणी अधिक क्लोरीन. म्हणून बॅलास्ट टाकीत टायटॅनियमची बॉडी किंवा सिरॅमिकचा पडदा मागा. महाग पडतं. पण टाकी रिकामी करून, हवा खेळवून, आत माणूस उतरवून सेन्सर बदलायचा खर्च त्याहून मोठा, आणि बंद टाकीत उतरणं हे जहाजावरच्या सगळ्यात जीवघेण्या कामांपैकी एक आहे.

इंधनाच्या टाकीत प्रश्न वेगळा. तिथं गंज नाही, चिकटपणा आहे. जड फर्नेस ऑइल थंड झालं की डांबरासारखं होतं. सेन्सरच्या तोंडाशी बारीक भोक असेल तर त्यात ते गोठून बसतं, आणि टाकी रिकामी झाली तरी जुना आकडा दाखवत राहतं. तिथं उघड्या सपाट पडद्याचा सेन्सर हवा. सर्व्हिस टाकीत तेल ८० अंशांच्या पुढं गरम असतं, तेवढं तापमान सोसणारा. रबरी सीलही बघा. ईपीडीएम हे रबर पाण्यासाठी चांगलं, पण तेलात फुगतं. तेलाला व्हायटॉन.

इथंच एक गंमत आहे, मुलाखतीत सांगितलीत तर समोरचा मान वर करून बघेल. तेल गरम केलं की फुगतं. टाकीतली पातळी वर चढते, पण तेलाचं वजन तेवढंच. सरळ भिंतींच्या टाकीत तळाचा दाबही तेवढाच राहतो. म्हणजे पातळी चढत असताना प्रेशर सेन्सर एक मिलिमीटरही हलत नाही. थंड असताना ९६ टक्के भरलेली टाकी गरम केल्यावर सांडू शकते आणि स्क्रीन ९६च म्हणत राहते. तेलाचा हिशोब टनांत ठेवायला हे सोयीचं आहे, कारण वजन खरं कळतं. पण सांडणं टाळायला वरच्या बाजूला वेगळा हाय लेव्हल स्विच लागतोच.

उसाच्या रसातली नळी

रस पिताना ग्लासात स्ट्रॉने फुंकर मारलीय ना लहानपणी? नळी जितकी खोल, तितकं फुंकायला जड. याच तत्त्वावर जहाजात एक जुनी पद्धत आजही चालते. टाकीच्या तळापर्यंत एक पाइप सोडायचा, वरून अगदी थोडी हवा सतत सोडत राहायची, खाली बुडबुडे निघत राहतात. हवा बाहेर ढकलायला जेवढा दाब लागतो, तो तळाच्या पाण्याचा दाब. सेन्सर वर, कोरड्या खोलीत. पाण्याला त्याचा स्पर्शही नाही, टाकीत वीज नाही. बिघडला तर चहा पिता पिता बदलता येतो.

नव्या ब्रोशरांमध्ये याचा उल्लेख शेवटच्या पानावर असतो, पण मला ही पद्धत फार आवडते. कमीपणा हा, की कोरडी स्वच्छ हवा सतत लागते आणि पाइपाचं तोंड गाळाने बुजलं तर आकडा वर चढतो. बंदरांतलं गढूळ पाणी टाकीत गाळ आणतंच.

वायरीतून काय येतं, आणि ठिणगीचं काय

बहुतेक सेन्सर ४ ते २० मिलिअँपिअर करंट पाठवतात. शून्य पातळीला ४, पूर्ण पातळीला २०. दहा मीटरच्या टाकीत १२ मिलिअँपिअर म्हणजे पाच मीटर. शून्याला ४ काउन, ० का नाही? कारण वायर तुटली तर करंट ० होतो. "टाकी रिकामी" आणि "वायर तुटली" यांतला फरक सिस्टिमला कळला पाहिजे.

तेलाच्या आणि ज्वालाग्राही मालाच्या टाक्यांत इंट्रिन्सिकली सेफ प्रकार लागतो. सेन्सरपर्यंत पोचणारी वीज इतकी कमी ठेवलेली, की वायर तुटून घासली तरी पेट घेण्याइतकी ठिणगी पडत नाही. त्यासाठी सुरक्षित जागेत बॅरियर बसवतात. नुसता सेन्सर तसा घेऊन भागत नाही, बॅरियर आणि केबल मिळून सगळी जोडी जुळली पाहिजे.

आणि एक कागद. जहाजावर मनाला येईल ते लावता येत नाही. इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, डीएनव्ही, लॉइड्स रजिस्टर अशा क्लास सोसायट्यांची मान्यता त्या मॉडेलला असावी लागते. कंपन, तापमान, दमटपणा, वीजेतला गोंधळ या सगळ्यांच्या चाचण्या त्यात येतात. इंडियन रजिस्टर मुंबईचंच, १९७५ मध्ये सुरू झालेलं. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा सेन्सर शेततळ्यात लावून बघायला मस्त आहे. जहाजासाठी तो नाहीच.

बसवायचा कुठं

जहाज कधी सपाट नसतं. मागचा भाग थोडा खाली असतो, माल चढउतार करताना बाजूलाही झुकतं. २० मीटर लांब टाकी फक्त एक अंश कलली, तर दोन टोकांच्या पाण्यात ३५ सेंटीमीटरचा फरक. सेन्सर एका टोकाला असेल तर मधल्या खऱ्या पातळीपेक्षा साधारण १७ सेंटीमीटर चूक. म्हणून सेन्सर शक्यतो जिथं शेवटचं पाणी गोळा होतं तिथं, म्हणजे बहुधा टाकीच्या मागच्या टोकाला. त्याची नेमकी जागा सिस्टिमला सांगायची आणि झुकण्याची दुरुस्ती कॉम्प्युटरला करू द्यायची. लाटांवर आकडा नाचतो, त्यासाठी काही सेकंदांची सरासरी. पंपाच्या तोंडासमोर मात्र बसवू नका, वाहत्या पाण्याचा धक्का पातळी म्हणून वाचला जाईल.

तर चांदूर बाजारच्या मित्रा, मुलाखतीत कंपनीचं नाव सांगू नकोस. उलट त्यांनाच विचार: "सर, टाकी कोणती? बॅलास्ट, इंधन की कार्गो? उंची किती, आणि हवेचा पाइप कुठवर जातो? वरून टाकी उघडी आहे की दाबाखाली? नंतर सेन्सरपर्यंत हात पोचेल का?" बॅलास्ट म्हणाले, तर टायटॅनियम किंवा सिरॅमिक, टाकीच्या उंचीला धरून रेंज, पाइपाच्या उंचीला पुरणारा ओव्हरलोड, समुद्राच्या पाण्याची घनता, क्लासची मान्यता. गेज की अॅब्सोल्युट, हे केबल कुठून जाते ते विचारून सांग.

आणि शेवटी ते विचारतील, सेन्सर बरोबर आहे हे कसं ओळखशील? उत्तर फार जुनं आहे. प्रत्येक टाकीला डेकपासून तळापर्यंत एक साउंडिंग पाइप असतो. त्यातून वजन लावलेली पितळी पट्टी सोडायची, तळाला टेकली की वर ओढायची, कुठपर्यंत ओली झाली ते वाचायचं. पट्टीला पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट लावली, तर खूण अजून स्पष्ट येते. आपण विहिरीत दगड बांधून दोर सोडतो, तसंच. पट्टीचा आकडा आणि स्क्रीनचा आकडा शेजारी शेजारी वहीत लिहायचे, तारखेसह. फरक दर महिन्याला तेवढाच असेल तर सेटिंगमध्ये चूक आहे. वाढत चालला असेल तर पडदा थकलाय. टाकी भरलेली असताना फरक जास्त आणि रिकामी असताना शून्य, तर घनतेचा आकडा आधी तपासा.

पुढच्या भागात रडार. तोवर घरच्या टाकीच्या नळावर ड्रिपचं गेज लावून बघा, नळापासून पाण्याची उंची मोजा, आणि आकडा जुळला की नाही ते व्हॉइस मेसेजवर कळवा.